गडाची वाट चैत्रात पायी चालणाऱ्या मंडळांना खुले पत्र: यंदा मुक्काम वाढवा

प्रति,
धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून चैत्रोत्सवासाठी सप्तशृंगी गडावर पायी जाणारी सर्व मंडळं, त्यांचे अध्यक्ष, खजिनदार, आचारी, गाड्यांचे चालक आणि झेंडा धरणारी पोरं यांस,

सप्रेम नमस्कार.

नाना, आबा, अण्णा, भाऊ, पत्राचं कारण आधीच सांगून टाकतो. यंदाच्या बैठकीत वर्गणी, टी-शर्टचा रंग आणि डीजेचा दर ठरवण्याआधी मुक्काम मोजा, आणि त्यात एक-दोन मुक्काम वाढवा. दरवर्षी पाण्याचे जार वाढतात, सरबताचे पिंप वाढतात, औषधांची पेटी मोठी होते, तरी भर दुपारी कुणी ना कुणी रस्त्याकडेला आडवं होतंच. पाणी सहसा पुरतं, वेळ मात्र चुकते. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच या वेळात खान्देशातल्या डांबरावर माणसाने चालूच नये. एवढं जमलं तर या पत्रातली निम्मी काळजी आपोआप मिटते.

दरवर्षी तेच वेळापत्रक छापण्यात एक घोटाळा आहे. चैत्र पौर्णिमा २०२४ मध्ये २३ एप्रिलला होती, २०२५ मध्ये १२ एप्रिलला, २०२६ मध्ये २ एप्रिलला. २०२६ सालात अधिक ज्येष्ठ येतो, म्हणून २०२७ ची पौर्णिमा पुन्हा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जाते. पत्रक तेच, मुक्काम तेच, पण ऊन जवळजवळ तीन आठवडे पुढचं. मार्चअखेर जमलेला टप्पा एप्रिलच्या मध्यावर जमेलच असं नाही. धुळे, जळगाव, मालेगावला तोवर चाळिशी ओलांडणं नेहमीचं होतं.

आणि ही चाळिशी असते सावलीतली. हवामान खात्याचं तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतं. उन्हात तापलेलं काळं डांबर त्याहून कितीतरी जास्त गरम असतं आणि चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना, पोटाला खालून भाजत राहतं. त्यात चालण्याने शरीर स्वतःही उष्णता तयार करतं. मैदानी भागात कमाल तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त, किंवा सरळ ४५ अंश झालं की खातं उष्णतेची लाट म्हणतं. ती जाहीर व्हायची वाट बघू नका. डोक्यावर झेंडा घेऊन चालणाऱ्याला ४१ अंशसुद्धा पुरेसे घातक आहेत.

आता वेळापत्रक. पहाटे साडेतीन-चारला निघायचं, साडेनऊला थांबायचं. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा निघून साडेआठ-नऊला मुक्कामी पोचायचं. चार वाजता ऊन उतरलं असं वाटतं, पण ते डोळ्यांना. हवेचा पारा तीनच्या सुमाराला सर्वांत वर जातो आणि पाचपर्यंत फारसा खाली येत नाही. गटाचा वेग, म्हातारी माणसं आणि आरतीचे थांबे धरून, ताशी चार किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका. म्हणजे सकाळी अठरा, संध्याकाळी दहा, दिवसाला फार तर २८ किलोमीटर. धुळ्याहून गड दीडशेच्या आसपास आहे. ही वाट चार दिवसांत मारली तर रोज दुपारचे दोन-तीन तास उन्हात जाणारच. सहा दिवस धरले तर जात नाहीत.

पहिले दोन टप्पे तर आणखी छोटे ठेवा, पंचविसाच्या आत. धुळे ते मालेगाव हा भाग सगळ्यांत सखल आणि सगळ्यांत तापलेला. चौपदरीकरणानंतर महामार्गाच्या कडेची जुनी लिंब-वडाची सावलीही राहिलेली नाही. कळवणकडे चढत गेलं की हवा थोडी बरी होते. शिवाय अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सुरत, पुणे, मुंबईहून आदल्या रात्री येऊन थेट दिंडीत घुसणारी आपली पोरं तरणीताठी असतात, पण वर्षभर पंख्याखाली किंवा एसीत बसलेली असतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी धोका त्यांनाच जास्त. त्यांना सांगा, दोन आठवडे आधीपासून रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास वीस मिनिटं चालायला लागा आणि हळूहळू तासावर न्या. ज्याला हे जमलं नाही त्याने पहिले दोन दिवस फक्त सकाळचा टप्पा चालावा. ज्यांना सहा दिवसांची रजा मिळत नाही त्यांनी मालेगावपासून सामील व्हावं. देवी हजेरीपट ठेवत नाही.

धुळ्याहून पहाटे चारला निघण्याचा एक फायदा आहे. लळिंगच्या घाटात पोचेपर्यंत फटफटायला लागतं. चढ, वळणं, ट्रकची रांग आणि अंधार हे चौघं एकत्र नकोत. पुढे झोडगे साधारण अर्ध्या वाटेवर येतं, तिथल्या आसपास एक मुक्काम धरला की मालेगाव दुसऱ्या दिवशी रात्री सहज गाठता येतं. शिरपूर, नरडाण्याकडून येणाऱ्यांनी धुळ्यात, साक्री-पिंपळनेरकडून येणाऱ्यांनी ताहराबाद-सटाण्यात असाच हिशेब मांडावा.

दुपारचे आठ तास काढायला जागा आधी ठरवून ठेवावी लागते, आयत्या वेळी मिळत नाही. पत्र्याची शेड सावली देते पण दुपारभर वरून भट्टीसारखी तापते. सिमेंटच्या स्लॅबची शाळा, मंगल कार्यालय, मंदिराचा सभामंडप किंवा आंब्या-लिंबाचं बन चांगलं. पत्र्याशिवाय काहीच नसेल तर वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. खान्देशातली हवा कोरडी असल्याने ते खरंच गारवा देतं, कोकणात एवढा फरक पडत नाही. ग्रामपंचायतीला महिनाभर आधी कळवा आणि संडासाचं विचारा. संडास नसेल तर बायका पाणीच पीत नाहीत, दिवसभर तोंड कोरडं ठेवून चालतात आणि संध्याकाळी चक्कर येऊन बसतात. शंभर माणसांत चाळीस बाया असतील तर निदान दोन-तीन आडोसे, पाण्याची बादली आणि उजेड, एवढं टेम्पोत घेऊन चालाच. पाण्याच्या दहा जारांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

झोपताना उभ्या ट्रकच्या सावलीत, ट्रकखाली किंवा रस्त्याच्या साइडपट्टीवर कुणालाही पडू देऊ नका. चालक मागे न बघता गाडी काढतो.

पाण्याकडे येऊ. उन्हात चालताना माणसाचा तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. कोरड्या हवेत तो लगेच उडतो, अंग ओलं दिसत नाही, म्हणून घाम येतच नाही असं वाटतं. शर्टावर मिठाचे पांढरे डाग पडले की समजा. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे दीडशे ते दोनशे मिलिलिटर, तहान असो-नसो. शंभर माणसांना प्यायला दिवसाला आठशे लिटर धरा, म्हणजे वीस लिटरचे चाळीस जार. वेगळे दोनशे लिटर आणि बर्फ फक्त अंग गार करायला राखून ठेवा, त्याला स्वयंपाकी हात लावणार नाही हे बजावून. लघवी फिकट पिवळी हवी. चहासारखी गडद झाली किंवा सहा-सात तास झालीच नाही तर त्या माणसाने पुढचा टप्पा गाडीत बसून यावं.

उलटा प्रकारही होतो आणि तो ओळखला जात नाही. कुणी सांगितलं म्हणून पोरं दोन-दोन लिटर साधं पाणी घटाघटा ढोसतात. तासाला दीड लिटरच्या वर गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं ठणकतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस बरळतो. दिसायला ऊन लागल्यासारखंच. अंग फार तापलेलं नाही, भरपूर पाणी प्यायलाय, पोट डबडबलंय, असं दिसलं तर आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या.

ओआरएसची पुडी म्हणजे साधारण २१ ग्रॅमची मोठी, एक लिटर पाण्याला अख्खी. एक पेलाभर पाण्यात अख्खी पुडी ओतून पाजणं ही वाटेवरची नेहमीची चूक. ते इतकं खारट-घट्ट होतं की उलटी होते आणि शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. चार-साडेचार ग्रॅमची छोटी पुडी मिळते, ती दोनशे मिलिलिटरसाठी असते. दोन्ही प्रकार एकाच पेटीत ठेवू नका. पुडी संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा पाच मिलिलिटरचा, पोह्यांचा नव्हे. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. गोड पेयांच्या डब्यांवर ‘ओआरएस’ हा शब्द असायचा, त्यांत साखर बरीच जास्त आणि मीठ कमी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तसं नाव वापरायला मनाई केली आहे. पण दुकानदाराकडे जुना साठा असू शकतो, म्हणून पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्या. जेवणखाण नीट असलेल्याला दिवसाला एक लिटर पुरे, बाकी साधं पाणी, ताक, कैरीचं पन्हं. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

टँकरचं पाणी भरलं असेल तर हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, आधी बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. उघडी राहिलेली टीसीएल निकामी होते. पाण्यात क्लोरीन उतरलंय का हे दाखवणारी ओटी टेस्टची बाटली ग्रामपंचायतीकडे असते. दोन थेंबांत पाणी पिवळं दिसलं तरच प्यायला द्या.

उपासाचं सांगणं अवघड आहे, पण सांगावं लागेल. चैत्र नवरात्राचे उपास धरून, काहीजण निर्जळी, चालतात. उपास ठेवा, पण पाणी आणि मीठ सोडू नका. उपासाला चालणारं सैंधव चालतं. भगर घ्यायची तर बंद पाकिटातली, तारीख पाहून, आणि स्वच्छ धुऊन. महिनोन्‌महिने पडून राहिलेली भगर आणि विशेषतः तिचं तयार पीठ यांत बुरशी धरते आणि गावच्या गावं उलट्या-चक्करने दवाखान्यात जातात, हे आपण नवरात्रात दरवर्षी बातम्यांत वाचतो. दुपारच्या पंगतीत बट्टी, तुपाची धार आणि श्रीखंड थोडं मागे ठेवा. मुगाची खिचडी, ताक, भाकरी-ठेचा बरा. सकाळी केलेला भात, दुधाचं काहीही, दोन तासांच्या वर उघड्यावर राहिलं की पुन्हा वाढू नये. रस्त्याकडेला महाप्रसाद देणारे दाते मोठ्या मनाने बासुंदी वाटतात. त्यांना आधी भेटून सांगा की त्याऐवजी कलिंगड, काकडी, ताक द्या, आणि तेही सकाळी सात ते साडेनऊमध्ये. दुपारी एकला मांडलेला स्टॉल हे लोकांना दुपारी एकला रस्त्यावर ठेवण्याचं निमंत्रण असतं.

नवसाने अनवाणी चालणाऱ्यांनी पहाटेचा टप्पा मातीच्या कडेने अनवाणी चालावा आणि सूर्य कासराभर वर आला की चप्पल घालावी. मधुमेह दहा वर्षांचा असेल, पायाला मुंग्या येत असतील तर अजिबात अनवाणी नको. तळपाय भाजला तरी त्यांना कळत नाही, फोड दिसतो तो मुक्कामी. नवस फेडायचाच असेल तर गडाच्या पायऱ्या अनवाणी चढा, पहाटे. इतरांनी नवे बूट घालून निघू नये. महिनाभर वापरलेले, अर्धा नंबर मोठे, सुती मोजे, बोटांमध्ये व्हॅसलीन.

लघवीची गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मानसिक आजाराची औषधं, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, या शरीराची उष्णता सोसण्याची ताकद कमी करतात. गोळी मनाने बंद करायची नाही. निघण्याआधी डॉक्टरांना ‘सहा दिवस उन्हाळ्यात चालणार आहे’ एवढं सांगून डोस ठरवून घ्यायचा. इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर तापून खराब होतं. मातीच्या ओल्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. ताप, जुलाब होऊन गेलेल्याने दोन दिवस चालू नये. रात्री दारू प्यायलेल्याने दुसऱ्या दिवशी चालू नये. हा नियम मंडळाने लिहून काढावा. तोंडी सांगितलेला पाळला जात नाही.

आता जे सगळ्या कार्यकर्त्यांना पाठ हवं ते. पायात गोळे येणं ही पहिली खूण. सावली, ओआरएस, पाय ताणून चोळणं. दुसरी पायरी म्हणजे खूप घाम, डोकं दुखणं, मळमळ, उभं राहिलं की अंधारी. सावलीत आडवं करून पाय वर, कपडे सैल, ओला टॉवेल, घोट-घोट ओआरएस, आणि त्या दिवशी पुढे चालणं बंद. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना. तिसरी पायरी उष्माघात. तिची खूण तापमापकात शोधू नका, माणसाच्या डोक्यात शोधा. अडखळत चालतो, उगाच भांडतो, बरळतो, झटके येतात, बेशुद्ध होतो. साधे प्रश्न विचारा: आपण कुठल्या गावात आहोत? काल मुक्काम कुठे होता? उत्तर चुकलं आणि अंग तापलेलं आहे, तर उष्माघात समजून कामाला लागा. अंग कोरडंच पाहिजे असं नाही. चालताचालता उष्माघात झालेला माणूस घामाने निथळतसुद्धा असतो. काखेतलं तापमापक खरा आकडा कमी दाखवतं, त्यावर विसंबून थांबू नका.

क्रम असा: आधी गार करणं, मग नेणं. १०८ ला फोन एकाने लावायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी पाणी ओतायला लागायचं. आठ बाय दहा फुटांची ताडपत्री जमिनीवर पसरा, माणसाला मधे झोपवा, सहाजणांनी कडा उचलून खोळ करा, त्यात शंभर लिटर पाणी आणि दहा-पंधरा किलो बर्फ. एकाने फक्त डोकं आणि नाक-तोंड पाण्याच्या वर धरायचं, दुसरं काही करायचं नाही. एकाने पाणी हलवत राहायचं, नाहीतर अंगालगतचं पाणी कोमट होतं. म्हातारा माणूस असेल किंवा एवढं पाणी-बर्फ नसेल तर कपडे काढून, अंगभर पाणी शिंपडून जोरात वारा घाला, मानेवर, काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. ओली चादर लपेटून सोडून देऊ नका. दोन-तीन मिनिटांत ती अंगाइतकी गरम होते, बदलत राहा. अर्ध्या तासात ताप १०२ फॅरनहाइटपर्यंत उतरवणं हे उद्दिष्ट. शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला किंवा कुडकुडायला लागला की थांबा. गाडीत खिडक्या उघड्या, ओलं अंग, वारा चालूच. मेंदू, मूत्रपिंड, यकृत किती बिघडणार हे अंग किती वेळ तापलेलं राहिलं यावर ठरतं. म्हणून ‘आधी मालेगावला पोचू, मग बघू’ हा विचार माणसाला मारतो.

काय करायचं नाही तेही पक्कं असू द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू, कांद्याचा रस काहीही नाही, फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल उपयोगाची नाही, हा आजारपणातला ताप नव्हे. खिशात कांदा ठेवायला हरकत नाही, फक्त तो खिशात आहे म्हणून बाराला चालू नका. फवाऱ्यासाठी शेतातला फवारणी पंप आणायची कल्पना पुष्कळांना सुचते. कोराकरकरीत नवा असेल तरच. कीटकनाशक एकदा भरलेला पंप किती धुतला तरी माणसाच्या अंगावर मारायचा नाही.

एक नाजूक गोष्ट. आपल्या दिंडीत अंगात येणं नवं नाही. पण दुपारच्या उन्हात एखादी बाई किंवा पोरगा थरथरतो, डोळे फिरवतो, असंबद्ध बोलतो, तेव्हा लोक हळदी-कुंकू आणायला धावतात आणि वीस मिनिटं जातात. श्रद्धेबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. फक्त हळद लावता लावता हात कपाळावर, पाठीवर ठेवा. अंग चटका देत असेल तर पाणी ओता. देवी असेल तर पाण्याने तिचा अपमान होत नाही, ऊन असेल तर जीव वाचतो.

आता पाण्यातल्या मरणाकडे, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. देवळा, सटाणा, कळवण पट्ट्यात कांदा-डाळिंबाच्या शेतांत प्लॅस्टिक कागद घातलेली शेततळी जागोजागी आहेत. दुपारच्या मुक्कामाला तापलेली पोरं अंघोळीला तिथे जातात. वरून पाणी शांत, निळंशार दिसतं, उतार सौम्य वाटतो. पण कागदावर शेवाळाचा थर असतो. पाय टाकला की माणूस थेट मधोमध, दोन-तीन पुरुष खोल पाण्यात घसरतो आणि बाहेर यायला धरायला काहीही नसतं. पट्टीचा पोहणाराही दहा-पंधरा मिनिटं कडेला नखं ओरबाडून थकतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच अडकतो. म्हणून शेततळ्यात कुणीही, कधीही उतरायचं नाही, पाय धुवायलाही नाही. शेतमालकाला विनंती करून मोटारीचं पाणी पाइपने घ्या, अंघोळ तिथे करा. गिरणेचं पात्र कोरडं दिसतं तिथे वाळू उपशाचे खड्डे असतात, आणि चणकापूर धरणातून आवर्तनाचं पाणी सुटलं की पात्रात, कालव्यात पाणी एकदम वाढतं. बुडणाऱ्याला दोर, साडी, झाकण घट्ट लावलेला रिकामा जार फेका आणि स्वतः आडवं पडून ओढा. वीस मीटर सुती दोर दर गाडीत हवा. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका; श्वास नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस.

पहाटे आणि रात्री चालायचं म्हटलं की गाड्यांचा धोका वाढतो, हे खरं आहे, आणि काही मंडळं याच भीतीने दुपार धरतात. पण या धोक्यावर पट्टीने, बॅटरीने, शिस्तीने इलाज करता येतो, उन्हावर येत नाही. ताशी ८० ने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. गडद कपड्यातला माणूस डिपरच्या उजेडात उशिरा दिसतो, पांढरा कपडा आधी दिसतो, आणि परावर्तक पट्टी त्याहून कितीतरी लांबून. पट्टी पाठीवर हवीच, शिवाय दोन्ही घोट्यांवर लावा; हलणारा पाय चालकाला ‘माणूस’ म्हणून लगेच कळतो. महामार्गावर सर्व्हिस रोड असेल तिथे तोच, नसेल तिथे मातीची साइडपट्टी, दोघांच्या रांगेत. सौंदाण्याहून देवळ्याकडे वळल्यावर रस्ता दुपदरी होतो. तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. आंधळ्या वळणावर थोडं आधीच बाजू बदला. रांगेच्या पन्नास मीटर पुढे एक आणि मागे एक माणूस लाल चमकता दिवा घेऊन. कांद्याचे दिवस असतात, मार्केटकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलींना मागचे दिवे बहुधा नसतातच, त्यांना ओव्हरटेक करणारी गाडी अचानक कडेला येते. आपला टेम्पो रांगेच्या मागे रांगत ठेवू नका. तो पुढे दोन किलोमीटरवर रस्त्याखाली उतरून थांबावा. आवाजाची गाडी अंधारात बंदच, हॉर्न ऐकू आला पाहिजे. महामार्गावर अपघात झाला तर १०३३, पोलिसांसाठी ११२.

मुक्कामी बूट, अंथरूण झटकून घ्या. विंचू चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिन ही साधी गोळी यावर सरकारी दवाखान्यांत वापरली जाते. साप चावला तर दोरी आवळू नका, पाय हलवू न देता गाडीत घाला. मालेगावचं सामान्य रुग्णालय आणि कळवणचं उपजिल्हा रुग्णालय यांचे फोन निघण्याआधी लिहून घ्या, आणि तुम्ही कुठल्या दिवशी किती माणसांनी तिथून जाणार हे त्यांना कळवा.

नांदुरीपासून घाटाचे दहा किलोमीटर हे शेवटचे आणि सर्वांत फसवे. सहा दिवसांचा थकवा, चढ आणि ‘आता आलोच’ ही घाई. नांदुरीत रात्री नीट झोपून पहाटे तीनला घाट चढायला घ्या. म्हाताऱ्यांनी तिथून एसटी धरावी. वर रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं, तेव्हा माणशी एक लिटर पाणी आणि गूळ-शेंगदाणे हातात असू द्या. तब्येत बिघडली तर माणसाला रांगेतून बाजूला, कठड्याकडे काढा, गर्दीच्या विरुद्ध मागे ओढू नका.

परतीचं नियोजन तर बहुतेक मंडळांच्या कागदावर नसतंच. दर्शन झालं की सगळे दुपारी उघड्या पिकअपमध्ये उभे कोंबले जातात, आणि चालवणारा असतो रात्रभर जागून स्वयंपाकाची भांडी चढवलेला तोच पोरगा. परतीसाठी सगळ्या गटाची एसटी आधी बोलून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर चालक वेगळा ठेवा, त्याला आदल्या रात्री सात तास झोप, त्या दिवशी दुसरं कोणतंही काम नाही, आणि नांदुरीतून निघणं संध्याकाळी पाचनंतर.

मंडळाच्या बैठकीत हे पत्र वाचलं जाईल तेव्हा खजिनदार विचारतील, दोन मुक्काम वाढले तर खर्च किती? शंभर माणसांचं दोन दिवसांचं साधं जेवण, पाणी आणि टेम्पोचं भाडं, एवढाच. डीजेचा आकडा शेजारी लिहून मग ठरवा.

कळावे,
आपले,
खान्देशातून गडाकडे जाणाऱ्या वाटांवर पदयात्रींना औषधोपचार आणि पाणी देणारे काही जण